आतून ठोकलेली पाचर

गोंदियाजवळच्या मुर्रीतलं आमचं घर गावाच्या अगदी कडेला आहे. पुढचं दार धानाच्या बांध्यांकडे उघडतं, मागचं गल्लीकडे, आणि दोन्ही दारं समोरासमोर. वारा एकीकडून शिरला की घरातलं प्रत्येक दार आपटतो. लग्न होऊन आले तेव्हा पहिले काही दिवस मी प्रत्येक आवाजाला दचकायचे. मग घरातल्या बाकीच्यांसारखी मीही दारांना काहीबाही लावायला शिकले. पुढच्या दाराला अर्धी वीट असायची, फरशीवर ओरखडे पडू नयेत म्हणून जुन्या पातळाच्या तुकड्यात शिवून टाकलेली. मधल्या खोलीच्या दाराला बिघडलेली लोखंडी इस्त्री. उन्हाळ्यात कूलर लावला की खिडकीशेजारचं दार वीतभर उघडं ठेवावं लागतं, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साठतो. तिथं चपलेवर भागायचं. सिलिंडर आत घ्यायचा असो की धानाचं पोतं, आधी कोणीतरी ओरडायचं, “दाराले काही लाव रे!”

स्वयंपाकघराच्या दाराची पाचर मात्र खास होती. ती माझ्या सासऱ्यांनी स्वतः केलेली. बैलगाडीच्या जुन्या लाकडाचा तुकडा वाकसानं तासून एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ केलेला. खाली सायकलच्या ट्यूबचं रबर, बारीक खिळ्यांनी ठोकलेलं. पायानं एकदा सरकवली की दार हलायचं नाही. ओल्या फरशीवरही नाही.

सासऱ्यांना मी मामाजी म्हणते. आमगावजवळच्या गावात त्यांनी सगळा जन्म शेती केली. सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे आले, आणि वर्षभरातच त्यांना लकवा झाला. डावी बाजू गेली. पाय काठीच्या आधारानं थोडा उचलू लागले, पण हात तसाच लोंबत राहिला. बोलणं जरासं जड झालं, ताठा मात्र कमी झाला नाही. आंघोळ ते एकट्यानंच करायचे. प्लास्टिकच्या स्टुलावर बसून, एका हातानं, अर्धा-पाऊण तास. मुलानंही आत आलेलं त्यांना चालत नसे.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “न्हाणीची आतली कडी काढून टाका. हे पडले तर तुम्ही आत कशा जाल?” मला ते पटलं. मामाजी ओसरीवर ऊन खात बसले असताना मी पेचकस घेतला, न्हाणीच्या दाराचे चार स्क्रू फिरवले आणि कडी काढून शिलाईच्या डब्यात टाकली. त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, आणि मग मला कडी काढता आली नसती, असा माझा सरळ हिशेब होता.

दुसऱ्या दिवशी ते आंघोळीला गेले आणि लगेच बाहेर आले.

“कडी कुठं गेली?”

“काढली मी. डॉक्टर म्हणाले.”

“डॉक्टर आंघोळ करते का इथं?”

ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले, मग परत आत गेले. त्या दिवशी आंघोळ पाच मिनिटांत उरकली. पुढचे दोन-तीन दिवस तसंच. मी मनात म्हटलं, सवय होईल.

मग एके दिवशी स्वयंपाकघराच्या दाराची पाचर दिसेनाशी झाली. दिसायची, पुन्हा नसायची. झाडताना कुठं सरकली असेल, म्हणून मी तिथं एक वरवंटा लावून टाकला. मामाजींची आंघोळ पुन्हा पहिल्यासारखी लांबली होती, तेही माझ्या ध्यानात आलं होतं. या दोन गोष्टी मी एकत्र करून पाहिल्या नाहीत.

त्या दिवशी सकाळी आमचं वाजलं. कारण क्षुल्लक होतं. त्यांनी एका हातानं चहाची कपबशी उचलली आणि ती सांडली, माझ्या कापून ठेवलेल्या ब्लाउजच्या कापडावर. कापड गिऱ्हाइकाचं होतं, फिक्या रंगाचं. मी म्हटलं, “सांगितलं असतं तर मी दिली नसती का हातात? प्रत्येक गोष्ट स्वतःच करायची असते तुम्हाला!”

“मग काय करू? मी लहान लेकरू आहो का?”

“लेकरू असते तर ऐकलं तरी असतं,” मी म्हणाले.

ते काठी टेकत खोलीत गेले, टॉवेल घेतला आणि न्हाणीकडे वळले. मी कापड धुतलं, वाळत घातलं, आणि रागारागात मशीनवर बसले. माझ्या मशीनला मोटर आहे. ती चालू असली की शेजारी कोणी उभं राहून बोललं तरी ऐकू येत नाही. दोन ब्लाउजच्या बाह्या लावून झाल्या. दोरा संपला म्हणून मी थांबले, आणि त्या शांततेत मला नळाचा आवाज आला. बादली भरून वाहायला लागली की पाणी फरशीवर पडताना येतो, तसा.

मी हाक मारली. “मामाजी, नळ बंद करा.”

उत्तर नाही.

न्हाणीच्या दाराखालून पाण्याचा ओघळ बाहेर येत होता. साबणाचं पाणी, फेसाळ. मी वाकून पाहिलं तर फेसात एक लालसर रेघ होती.

मी दार ढकललं. हललं नाही. कडी तर शिलाईच्या डब्यात होती. मी खांद्यानं जोर लावला. दार वरच्या बाजूला किंचित वाकलं, खाली जसंच्या तसं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की पाचर रोज कुठं जात होती. ते ती टॉवेलमध्ये गुंडाळून आत नेत होते, आणि आतून दाराखाली सरकवत होते. दार आत उघडणारं. बाहेरून जितकं ढकलावं तितकी पाचर घट्ट बसत जाणार. मी दोनदा ढकलून ती आणखी ठोकून घेतली होती.

“मामाजी! मामाजी, आवाज द्या!”

खूप वेळानं, निदान मला तो खूप वाटला, आतून खोकल्यासारखा आवाज आला.

“पडले का तुम्ही?”

“नाही,” ते म्हणाले. आवाज जमिनीजवळून येत होता. “बसलो आहो.”

मी जमिनीवर पालथी पडले आणि दाराखालच्या फटीला डोळा लावला. फट बोटभर होती. समोर पाचरीची पातळ धार दिसत होती. तिच्या पलीकडे, हातभरही नाही, पांढरे ओले केस होते आणि एक कान.

“पाचर काढा, मामाजी. तुमच्या डोक्याजवळच आहे.”

“हात नाही पोचून राहिला.”

“उजव्या हातानं.”

“उजवा आंगाखाली आहे.”

चांगला हात अंगाखाली अडकलेला, दुसऱ्यात जीव नाही. मी उठले, फोन शोधला, तो कापडांच्या ढिगाखाली सापडला. माझ्या मिस्टरांचं आमगावला बियाणं-खतांचं दुकान आहे. ते म्हणाले, “निघालो. तासभर तर लागतेच. तू शेजारी कोणाले बोलाव.” ॲम्ब्युलन्सला फोन केला, त्यांनी पत्ता दोनदा विचारला. मग मी गल्लीत धावले. कापणीचे दिवस होते, प्रत्येक घराला बाहेरून कुलूप, सगळे बांध्यांमध्ये. फक्त पलीकडच्या घरचे ऑटोवाले भाऊ दारात ऑटो धूत होते. ते हिंदी बोलतात, गोंदियाच्या स्टेशनवर ऑटो लावतात. मी काय बोलले मला आठवत नाही. ते हातातली बादली टाकून माझ्या मागे धावत आले एवढं आठवतं.

दार बघून त्यांनी पँट वर दुमडली. “हटो भाभी. एक लात में खुल जाएगा.”

“नको!” मी दाराला पाठ लावून उभी राहिले. “डोकं दाराला लागून आहे त्यांचं. दार आत गेलं तर डोक्यावर जाईल.”

“तो फिर?”

तो फिर काय, ते मलाही माहीत नव्हतं. न्हाणीला मागच्या गल्लीत उंचावर एक झरोका आहे, गजांचा. त्यातून माणूस शिरणार नाही, पण बघता येईल. भाऊ मागे गेले, पाण्याच्या रिकाम्या ड्रमवर चढले आणि तिथून ओरडून सांगू लागले. “करवट पे हैं! माथे से खून है, ज्यादा नहीं! आँख खुली है! एक पैर उलटा दिख रहा है भाभी, बराबर नहीं है!”

“पाचर कुठं आहे?”

“दरवाजे के बीच में! सिर से एक बित्ता!”

आतून मामाजींचा आवाज आला. जड, पण संतापलेला. “त्याले खाली उतरव. मी उघडा आहो.”

मी भाऊंना खाली बोलावलं.

पाचर बाहेरून मागे ढकलायची, एवढा एकच मार्ग होता. ढकलायला फटीतून जाईल असं काहीतरी हवं होतं. शिलाईची लोखंडी पट्टी आणली, फटीतून आत सरकवली, तिचं टोक पाचरीच्या धारेला टेकवलं आणि बाहेरच्या टोकावर वरवंट्यानं मारलं. पट्टी मधेच वाकली. सरळ करून परत मारलं, परत वाकली. पाणी माझ्या गाऊनमध्ये झिरपत होतं. आतलं काहीच कळत नव्हतं.

“मामाजी?”

उत्तर नाही.

“मामाजी, बोला ना!”

“थंडी वाजून राहिली,” ते म्हणाले. हे ते आधी कधीच म्हणाले नव्हते. लकवा झाला त्या दिवशीही त्यांनी मला काही होतंय असं सांगितलं नव्हतं.

मी स्वयंपाकघरात गेले. हाताला सराटा लागला, पोळ्या उलटायचा, जाड पोलादाचा, लांब दांड्याचा. पान बोटापेक्षा पातळ. तो फटीत गेला. मी भाऊंना सांगितलं, “तुम्ही दाराचा हँडल धरून बाहेरच्या बाजूला ओढून ठेवा. जोरात. म्हणजे पाचरीवरचा दाब कमी होईल.” हे मला कसं सुचलं कोण जाणे. रोज पायानं ती पाचर काढताना दार आधी जरा आपल्याकडे घ्यावं लागायचं, ते पायाला माहीत होतं.

“आणि मामाजी, तोंड नळाकडे फिरवा. पाचर सुटली तर तुमच्याकडे येईल.”

“नाही होत.”

“होते. फिरवा!”

मी त्यांच्यावर कधी अशी ओरडले नव्हते. सकाळी बोलले होते ते टोचून, हे सरळ हुकमासारखं होतं. आत पाण्यात काहीतरी हललं. फटीतून पाहिलं तर कानाच्या जागी आता मानेची मागची बाजू दिसत होती.

मी मारलं. हळू. काही नाही. परत मारलं. त्यांनीच ठोकलेलं ते रबर फरशीला चिकटून बसलं होतं. तिसऱ्यांदा मी जरा जोर केला, आणि सराटा चार बोटं आत गेला. लाकूड फरशीवर घासल्याचा आवाज झाला. आतून “हं” असा हुंकार आला.

“लागलं का?”

“नाही. खांद्याले लागली. उघड.”

भाऊंनी हँडल सोडला. मी तळहातानं दार हळूच ढकललं. ते वीतभर उघडलं आणि थांबलं. मामाजींचा खांदा आडवा आला होता. आणखी ढकललं असतं तर खांदा, मान, सगळंच वळलं असतं. भाऊंनी पायातली चप्पल काढून त्या फटीत खाली सारली, दार परत मिटू नये म्हणून. मी बारीक आहे. आडवी होऊन, श्वास सोडून, मी त्या वीतभर जागेतून आत शिरले. बटणं तुटली, कोपर सोलवटलं, ते नंतर कळलं.

मामाजी उजव्या कुशीवर पडले होते. कपाळाला नळाची तोटी लागली होती. पाय जिथं वळायला नको तिथं वळलेला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. भिंतीकडे बघत म्हणाले, “आंगावर काही टाक.”

आधी मी नळ बंद केला. मग खुंटीवरचा टॉवेल काढला आणि त्यांच्या अंगावर टाकला, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत नीट पसरला. ते झाल्यावरच ते म्हणाले, “आता त्याले बोलाव.”

त्यांच्या डोक्याखाली मी हात घातला. ते थरथरत होते. भाऊंनी बाहेरून बिजागऱ्यांच्या खिळी काढता येतात का पाहिलं. आतल्या बाजूला होत्या, म्हणून मी वरवंटा मागून घेतला आणि आतूनच त्या वर ठोकल्या. दार निघालं. भाऊंनी ते उचलून अंगणात नेऊन टाकलं. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा मामाजी स्वच्छ चादरीत गुंडाळलेले होते आणि मी त्यांच्या कपाळावर ब्लाउजचा तुकडा दाबून बसले होते. सकाळी चहा सांडलेलं तेच कापड. वाळत घातलेलं तेच आधी हाताला लागलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. गोंदियातल्या दवाखान्यात दुसऱ्या दिवशी ऑपरेशन ठरलं. माझे मिस्टर थेट तिथंच पोचले. वडिलांना पाहून ते बाहेर व्हरांड्यात आले आणि मला विचारलं, “दार बंद कसं झालं? कडी तर काढली होती ना?”

“पाचर लावली होती आतून.”

“तुला माहीत नव्हतं?”

मी नाही म्हटलं. ते खरं होतं, पण तोंडातून निघताना खोटं वाटलं. दोन आठवडे पाचर गायब होत होती आणि मी वरवंटा लावून मोकळी झाले होते. मिस्टर पुढं काही बोलले नाहीत. ते काही न बोलणं मला दवाखान्यातल्या सगळ्या रात्रींपेक्षा जड गेलं.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी मामाजी नीट शुद्धीवर होते. मिस्टर औषधं आणायला गेले होते. मी त्यांना चमच्यानं पेज भरवत होते. एक घास गिळून ते म्हणाले, “पोरगा तुले बोलला का?”

“नाही.”

“बोलला तर सांग, पाचर म्या ठोकली.”

“पण कडी मी काढली होती.”

“हो,” ते म्हणाले. “मले विचारलं नाही तू.”

मी चमचा खाली ठेवला. ते छताकडे बघत बोलत राहिले. बोलणं जड होतं, एकेक शब्द काढत होते. “तुह्या मशीनसमोरून जा लागते मले. दाराले कडी नाही. आत कपडे काढले का मले वाटे, आता कोणी येते. आता येते. साबण लावणं होत नव्हतं. म्हणून पाचर नेली.”

“मला सांगायचं होतं.”

“तू तरी कुठं सांगतलं?”

मी म्हटलं, “चुकलं माझं.” थोड्या वेळानं त्यांनी तोंड उघडलं, आणि मी पुढचा घास भरवला.

ते घरी आले तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. सुताराला बोलावलं होतं. यावेळी मी आधी मामाजींच्या खाटेजवळ जाऊन बसले. दार परत बसवायचंच नाही, नुसता पडदा लावायचा, असं मिस्टरांचं मत होतं. मामाजी म्हणाले, “पडदा नको. वाऱ्यानं उडते. दार भाईर उघडणारं कर.” सुतारानं बिजागऱ्या फिरवल्या, चौकटीची पट्टी उलटी बसवली. आता दार बाहेरून ओढलं की उघडतं, आत कोणी आडवं पडलं असलं तरी. भिंतीला धरायला दांडी बसवली. कडीचा विषय कोणीच काढला नाही.

पहिल्या आंघोळीला मिस्टर त्यांना आत बसवून आले. दुसऱ्या दिवसापासून ते दुकानावर जायला लागले आणि मी एकटी उरले. मामाजी वॉकर धरून न्हाणीच्या दारात उभे राहिले. मी मागे, हात पुढे करून, हात न लावता.

“तू भाईर बस,” ते म्हणाले. “खुर्ची घे. पण पाठ कर.”

मी दाराकडे पाठ करून बसले. दार नुसतं ओढून घेतलेलं. माझी पाठ ताठ, कान मागे. तांब्याचा आवाज झाला, पाणी पडलं, मग शांतता. माझे हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट झाले. वळावं की नाही? पाठ कर म्हणाले होते.

आणि मग ते बोलू लागले. मोठ्यानं, मला ऐकू यावं म्हणून. गावच्या तलावाबद्दल. त्यांच्या आज्याच्या काळापासून तलावाच्या पाळीत पाणी सोडायचं लाकडी तुडूम, म्हणजे तळाशी बुच लावलेलं तोंड, होतं, आणि धानाला पाणी द्यायच्या दिवसांत ते उघडायला पाण्यात बुडी मारावी लागे. आधी त्यांचे वडील बुडी मारायचे, मग ते. “पाणी कायम ओढते आपल्याले,” ते आतून सांगत होते. “पाय भिंतीले लावून ठेवा लागते. भेव वाटे. कोणाले सांगतलं नाही कधी.”

तेव्हापासून रोज हेच चालतं. मशीन मी त्या वेळेत लावत नाही. ते आतून बोलत राहतात, तलावाचं, बैलांचं, सासूबाई नवीन आल्या तेव्हाचं, आणि बोलणं चालू आहे तोवर सगळं ठीक आहे हे आम्हा दोघांनाही ठाऊक असतं. तसं ठरवलं कोणीच नाही. मधेच कधी वाक्य अर्धवट तुटतं. मग मी खुर्चीच्या कडेवर येते, पाय जमिनीवर रोवते, आणि उठायच्या बेतात असते.

परवा असंच झालं. बराच वेळ आतून काही नाही. पाण्याचाही आवाज नाही. मी उभी राहिले.

“मामाजी?”

“थांब,” ते म्हणाले. “आठवून राहिलो.”